संगणकाच्या खोक्यातलं पत्र

फोंडा,
२२ सप्टेंबर २०२४

चि. मुग्धा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

खोकं उघडलंस की आधी हे पत्र वाच, मग आतल्या वस्तूंना हात लाव. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसती "हो बाबा, हो बाबा" करतेस, आणि माझं नेमकं महत्त्वाचं वाक्य चालू असताना तुझं नेटवर्क जातं. इतका नियमित बिघाड मी तीस वर्षांत कुठल्याच यंत्रात बघितला नाही.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आरत्या संपल्या, घुमटं अजून जमिनीवरच होती, आणि तू तो दुकानाचा कागद माझ्यापुढे धरलास. नवं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबी, अठ्ठेचाळीस हजार. मी आकडा वाचला आणि "कशाला?" म्हटलं. तू गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून एक नेवरी खाल्लीस आणि गप्प झालीस. विषय संपला असं मी धरून चाललो. रात्री आई म्हणाली, "गिऱ्हाईकाचा मिक्सर आणला तरी तुम्ही आधी उघडून बघता, मग बोलता. पोरीचं मशीन न उघडताच नाही म्हणालात." हे मला लागलं, कारण खरं होतं. म्हणून जाताना "पंखा आवाज करतोय, बघा" म्हणून तू मशीन ठेवून गेलीस तेव्हा मी पंख्यापुरतं थांबायचं नाही असं ठरवलं. गेले बारा दिवस दुकान बंद केल्यावर नऊ ते अकरा मी त्याच्यापुढे बसतोय. आई म्हणते, लग्नानंतर एवढा वेळ तिच्यापुढेही बसलो नाही.

पहिल्याच रात्री जे दिसलं ते तुला आवडणार नाही. तुझ्या मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या आहेत, पण विंडोज ८ जीबीच दाखवत होतं. दुसरी पट्टी जागेवर होती, नुसती बसलेली, काम न करणारी. जूनमध्ये तू खोली बदललीस तेव्हा कॅबिनेट टेंपोत आदळलं असणार, आणि त्याआधी दोन पावसाळे ते आपल्या माजघरात होतं, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पट्टीच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता. खोडरबराने घासले, ब्रशने भुगा काढला, आयसोप्रोपाइलचा बोळा फिरवला, दाबून बसवली. १६ जीबी परत. खर्च शून्य, खोडरबर शेजारच्या बबलूचं.

म्हणजे तीन महिने तू अर्ध्या रॅमवर काम करत होतीस. तुझं ते थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर, ब्लेंडर, उघडं, ब्राउझरमध्ये पंधरा खिडक्या, त्यात गाणी. आठ जीबी भरले की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. ते अडकणं, तो एक-दोन सेकंद गोठणारा पडदा, त्याला तू "कार्ड मेलं" म्हणत होतीस. शिवाय दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला रॅमकडे दोन वाटा मिळतात. एकच असली की एक.

मडगावला जाताना आपण काय करतो ते आठव. फोंड्यापासून रस्ता हवा तेवढा रुंद करा, बोरीच्या पुलावर गाडी थांबायची ती थांबतेच. तुझ्या खेळाचं तसंच होतं. टास्क मॅनेजर उघडून मी तो बंदुकांचा खेळ अर्धा तास चालवला (तीन मिनिटांत मेलो, पण पडदा चालू होता). कार्ड जेमतेम ६० टक्के काम करत होतं आणि बाकीचा वेळ वाट बघत बसलेलं. जो वाट बघतोय त्याला हटवून तिथे अधिक वेगवान कोणी आणून बसवला, तर तो अधिक वेगाने वाट बघेल.

रॅम लागली आणि कार्डाची धूळ काढून नवी थर्मल पेस्ट घातली, तेव्हा तोच खेळ सेकंदाला सत्तर-ऐंशी चित्रं देऊ लागला. आधी ४८ होती, तीही हिसके देत. कार्डाचं तापमान ८४ वरून ७० वर आलं, आणि पंख्याचा तो घरघराट थांबला. तुझा मॉनिटर सेकंदाला ६०च चित्रं दाखवतो. त्याच्या वरची सगळी डोळ्यापर्यंत पोचायच्या आधीच वाया. तेव्हा खेळासाठी नवं कार्ड नको, हा निकाल. यावर मला फोन करू नकोस.

इथपर्यंत आलो आणि मी खूश होतो, कारण माझं "कशाला?" बरोबर ठरत होतं. मग मी तुझी ती सावईवेऱ्याच्या घराची फाईल उघडली.

आजीचं घर मी चाळीस वर्षं बघतोय. पडवीचे चिरे, मागचं कुळागर, पाटाचं पाणी. ते पडद्यावर फिरवून बघितलं आणि थोडा वेळ दुकानात नुसताच बसून राहिलो. तुळशीवृंदावनाचा तुटलेला कोपरासुद्धा तू सोडला नाहीस. असो. मुद्द्याचं बोलतो.

एक चित्र रेंडर करायला, म्हणजे मशीनकडून उजेड-सावलीसकट पूर्ण काढून घ्यायला, ११ मिनिटं लागली. तुझी फिल्म एका मिनिटाची, सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे १,४४०. हिशोब केला तर २६४ तास, म्हणजे अकरा दिवस अकरा रात्री अखंड. मी घाबरलो, मग सेटिंग बघितली. ब्लेंडरचा रेंडर करणारा भाग म्हणजे सायकल्स, त्यात सँपल, म्हणजे प्रत्येक टिंबासाठी किती किरण मोजायचे तो आकडा, ४०९६ होते. तो आकडा ब्लेंडर स्वतःच घालून देतं आणि तू तो हलवलाच नव्हतास. ३०० केले, चित्रातले दाणे पुसणारं डीनॉइझ चालू केलं, चित्र ४ मिनिटं १० सेकंदांवर आलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून आईला दाखवली, तिला फरक ओळखता आला नाही. मला आला, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे एकेक चित्र ठीक दिसतं, पण ओळीने चालवली की काजवे लुकलुकल्यासारखं होतं. तेवढ्या अंधाऱ्या शॉटना सँपल वाढव, उजेडातल्यांना गरज नाही.

४ मिनिटं १० सेकंद म्हणजे पूर्ण फिल्मला शंभर तास. आता तोच सीन नव्या कार्डावर कसा चालतो हे बघितल्याशिवाय मी काय बोलणार? वरच्या बाजारातला आपला लग्नाच्या व्हिडिओवाला आहे ना, त्याच्याकडे आरटीएक्स ३०६० आहे. पेनड्राइव्ह घेऊन गेलो. तो म्हणाला, काका, चहा घ्या, होईल तोपर्यंत. चहा यायच्या आत झालं. ५५ सेकंद. पूर्ण फिल्म २२ तासांत.

तुझं जीटीएक्स १६५० हे २०१९ चं, त्यात किरणांचा हिशोब करणारे वेगळे कोअर नाहीतच. प्रकाशाचा एक किरण चिऱ्यावर आपटून पाण्यात, पाण्यातून पोफळीवर कसा जातो हे ते साध्या कोअरवर मोजतं. ३०६० मध्ये त्या कामाला स्वतंत्र कारागीर बसवलेले आहेत. सुताराकडून गवंडीकाम करून घ्यायचं आणि गवंड्याकडून करून घ्यायचं, एवढा फरक.

तरी मी लगेच हो म्हणालो नसतो. शंभर तासांचे बावीस झाले हे ऐकायला मोठं वाटतं, पण ते अठ्ठ्याहत्तर तास कोणाचे? मशीनचे. तू तेव्हा झोपलेली असतेस, कॉलेजात असतेस, मेसच्या रांगेत असतेस. शेवटचं रेंडर चार दिवस आधी लावलं की काम झालं. रात्र फुकट मिळते, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीची बचत करायला कोणी अठ्ठेचाळीस हजार घालत नाही. हा माझा मुद्दा मी लिहून ठेवला होता, तुला सुनावायला.

मग गुरुवारी तुला फोनवर विचारलं, दिवसात तपासण्यापुरती किती चित्रं काढतेस? तू म्हणालीस, पंचवीस तरी. दिवा थोडा सरकवला की एक, कौलाचा रंग बदलला की एक. आणि चित्र निघेपर्यंत काय करतेस? तू हसलीस. मला उत्तर कळलं. चार मिनिटं म्हणजे फोन हातात घ्यायला पुरेसा वेळ, आणि एकदा हातात आला की तो चार मिनिटांनी कोणी खाली ठेवत नाही. पंचवीस वेळा सव्वातीन मिनिटं वाचली तर दिवसाचा सव्वा तासाहून जास्त, हे झालं गणित. पण तो सव्वा तास महत्त्वाचा नाही, तुटलेला धागा महत्त्वाचा आहे. सोल्डरिंग करताना कोणी हाक मारली तर मी उत्तर देत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. बोर्डावरचा कुठला सांधा झाला, कुठला राहिला हे डोक्यात धरलेलं असतं. मान वर केली की गेलं. तुझं ते दिवसातून पंचवीस वेळा जातंय.

५५ सेकंदांत माणूस खुर्चीत बसून राहतो. म्हणून अठ्ठेचाळीस हजारांचं कार्ड घेऊन ५५ चे समजा चाळीस झाले, तर त्या पंधरा सेकंदांनी तुझ्या दिवसात काहीच बदलणार नाही. अडीचशे सेकंदांचे पंचावन्न होणं ही वेगळी गोष्ट.

दुसरं कारण मेमरीचं, आणि ते जास्त अवघड आहे. तुझी ती पावसाची दुसरी फाईल १६५० वर उघडली, रेंडर लावलं, आणि दीड मिनिटाने जीपीयू मेमरी, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, संपल्याचा लाल निरोप आला. चार जीबी. मला आधी पटेना, कारण तुझे चिऱ्यांचे फोटो एकेक पाच-सहा एमबीचे आहेत. मग डोक्यात प्रकाश पडला. पाच-सहा एमबी हे दाबून ठेवलेल्या जेपेगचं वजन. कार्डात गेल्यावर फोटो उलगडतो. ४०९६ गुणिले ४०९६ टिंबं, प्रत्येक टिंबाला ४ बाइट, की झाले ६४ एमबी. तुझ्याकडे असे ३८ फोटो होते, म्हणजे जवळजवळ अडीच जीबी नुसते फोटो. त्यातले २६ अशा वस्तूंचे, ज्या कॅमेऱ्यापासून इतक्या लांब आहेत की पडद्यावर त्या बोटाएवढ्याही दिसत नाहीत. मागच्या गोठ्याचं कौल, बांधापलीकडच्या पोफळीची साल. ते २६ मी निम्म्या मापाचे केले. बाजू निम्मी झाली की वजन चौथाई होतं, ६४ चे १६. अडीच जीबीचे सव्वा झाले.

आणि पोफळी! मुग्धा, तू चारशे पोफळी शिफ्ट-डी करून लावल्यास. प्रत्येक झाडाची वेगळी प्रत मशीन डोक्यावर वाहतं. ऑल्ट-डीने लावल्या तर आकार एकदाच साठतो आणि बाकीची झाडं त्याच्याकडेच बोट दाखवतात. पाच वेगवेगळी झाडं घे, फिरवून, थोडी लहानमोठी करून लाव. आजीच्या कुळागरातही एवढाच फरक असतो. हे सगळं मी फाईलच्या प्रतीत केलंय, नाव "बाबा_प्रयोग". तुझ्या मूळ फाईलला हात लावलेला नाही.

एवढं करून फाईल ३.६ जीबीवर आली आणि १६५० वर चालली. कशीबशी. पाऊस लावला की परत लाल निरोप, कारण चारातलं थोडं विंडोजलाही लागतं. व्हिडिओवाल्याकडे पावसासकट तोच सीन साडेसात जीबीच्या जवळ गेला. म्हणजे काटकसर केल्यावरही तुझी उडी त्या कार्डाच्या पलीकडची आहे. इथे मी हरलो, आणि हरलो ते लिहून देतोय.

माझ्या दोन चुका तुला सांगतो, त्या आईलाही अर्धवटच माहीत आहेत. १९९९ मध्ये मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन व्हीसीआरचं हेड अलाइन करायचं सगळं साहित्य आणलं. अकरा हजार रुपये, तेव्हाचे. फोंड्यात कोणाकडे नाही म्हणून माझी छाती फुगलेली. दोन वर्षांत घरोघरी सीडी आल्या आणि ते साहित्य अजून माळ्यावर आहे, तेल लावून ठेवलेलं. त्याचा धसका एवढा बसला की पुढे एलसीडी टीव्हीचे बोर्ड यायला लागले, त्यावरचे ते तांदळाच्या कणीएवढे भाग काढायला हॉट एअर स्टेशन लागतं, ते मी चार वर्षं घेतलं नाही. "नंतर बघू." चार वर्षं गिऱ्हाईकं मडगावला पाठवली, आणि मडगावला गेलेलं गिऱ्हाईक फोंड्याला परत येत नाही. पहिल्या चुकीत अकरा हजार गेले. दुसरीत किती गेले ते मी कधी मोजायला बसलो नाही.

आता कार्ड कुठलं. ३०६०, १२ जीबीवालं, दुकानातून, पावती आणि वॉरंटीसकट. तुझ्या त्या कागदावर खाली बारीक अक्षरात त्याची किंमत सव्वीस हजार लिहिलेली आहे. तू ती ओळ वाचलीच नसणार, कारण कार्ड २०२१ च्या फेब्रुवारीत आलेलं, जुनं. दुकानदार तुला ४०६० घे म्हणेल. ते नवं आहे, ११५ वॉटच खातं, आणि वेगात ३०६० च्या पुढे आहे, तो खोटं बोलणार नाही. पण त्यात ८ जीबी, आणि तुझा पाऊस साडेसात खातो. या कंपनीचं गणित मला काही कळत नाही. ३०६० ला १२ जीबी दिले आणि त्याच्या थोरल्या भावाला, ३०६० टीआयला, ८. थोरल्याचा पगार जास्त आणि पिशवी लहान. तुझ्या कामाला पिशवी महत्त्वाची. एएमडीचं स्वस्तातलं दाखवलं तर खेळासाठी ते छान असतं, तुझ्या सायकल्सला एनव्हिडियाच बरं.

मित्र सांगतात ना, थांब, नवी पिढी येतेय? येईल. २०१८, २०२०, २०२२, दर दोन वर्षांनी येते. पण आधी मोठी, महागडी कार्डं येतात. ३०८० आलं सप्टेंबर २०२० ला आणि ३०६० त्यानंतर पाच महिन्यांनी. ४०९० आलं ऑक्टोबर २०२२ ला, ४०६० पुढच्या जूनमध्ये. तुझी फिल्म जानेवारीत द्यायचीय. तुझ्या खिशाचं नवं कार्ड येईपर्यंत तुझं प्रशस्तिपत्रक फ्रेममध्ये गेलेलं असेल.

वापरलेलं कार्ड निम्म्या किमतीत मिळतं, तेही बघून ठेवलंय. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग संपलं आणि रात्रंदिवस जुंपलेली कार्डं बाजारात आली. लोक त्यांना फार घाबरतात, मी तेवढा घाबरत नाही. एका वेगाने सतत चाललेलं यंत्र, रोज तापून रोज गार होणाऱ्या यंत्रापेक्षा कधीकधी बरं निघतं. पंखे आणि आतले पॅड मात्र संपलेले असतात. मी घाबरतो समुद्राला. मिरामारच्या फ्लॅटमधून आलेला टीव्ही मी मागचं झाकण न उघडता ओळखतो, स्क्रूला हिरवा गंज असतो. बागा-कळंगुटकडच्या एका गेमिंग कॅफेतलं ३०६० मला कोणीतरी स्वस्तात दाखवलं. मेमरीच्या चिपांच्या पायांशी हिरवट पूड होती. मिठाचा वारा कार्डाच्या पंख्याने स्वतःच आत ओढून घेतलेला. चांगलं चालत होतं तेव्हा. पुढच्या पावसाळ्यानंतर विचारा. पुण्यात समुद्र नाही, पण कार्ड कुठून आलं हे तुला कोण सांगणार? नवंच घे.

आणि आता माझा विषय. तुझं जुनं कार्ड ७५ वॉटचं होतं, सगळी वीज मदरबोर्डच्या खाचेतूनच घ्यायचं, वेगळी वायर नको. ३०६० ला १७० वॉट लागतात, आठ पिनांची वेगळी वायर लागते. तुझ्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं होतं, म्हणून तू निर्धास्त होतीस. स्टिकरची खालची ओळ वाचलीस? १२ व्होल्टला १८ अँपिअर. गुणाकार कर, २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टच्या वाटेनेच जेवतात. कार्ड १७० आणि तुझा रायझन ३६०० जोरात असला की ८८, झाले २५८. बाकीचे वॉट दुसऱ्या वाटांचे, ते इथे कामाला येत नाहीत. मोठ्या अक्षरातला आकडा म्हणजे लग्नातल्या पत्रिकेवरची पाहुण्यांची यादी, खरी पंगत खालच्या ओळीत.

पूर्वी बोटीवर नोकरी करणारे तारवटी लोक येताना टेपरेकॉर्डर आणायचे. घरी आल्या आल्या उत्साहाने प्लग घालायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे जळका वास घेऊन यायचे. मागे स्पष्ट ११० व्होल्ट लिहिलेलं असायचं. माझं अर्धं दुकान त्या न वाचलेल्या ओळीवर उभं राहिलं. तुझा बाप त्या ओळीवर पोट भरत होता आणि तू तीच ओळ वाचत नाहीस!

म्हणून नवा एसएमपीएस मी बसवून पाठवतोय. ५५० वॉट, १२ व्होल्टला ४५ अँपिअर. कार्डाचे पैसे तुझे, इंटर्नशिपचे आणि आजीने दिलेले, हा माझ्याकडून. दुकानदाराने मोलेक्सची जोडवायर फुकट दिली तरी लावायची नाही. खोलीतल्या त्या प्लगला अर्थिंग आहे का तेही मालकाकडून बघून घे. कॅबिनेटला बोट लावल्यावर मुंग्या येत असतील तर नाही. विजेच्या बिलाची काळजी करू नकोस, उलट गंमत आहे. प्लगला मीटर लावून बघितलं. आत्ताचं मशीन रेंडर करताना १३० वॉट घेतं, शंभर तासांत १३ युनिट. व्हिडिओवाल्याचं २५० घेतं, पण बावीस तासांत साडेपाच युनिटांत मोकळं होतं.

माझी एकच विनंती, आणि ती अट समजू नकोस. आधी दहा दिवस या साफ केलेल्या मशीनवर, "बाबा_प्रयोग" फाईलवर काम कर. तपासण्याची चित्रं किती निघाली, किती वेळा लाल निरोप आला, वहीत लिही. दहा दिवसांनी वाटलं की चालतंय, तर सव्वीस हजार बँकेत राहू देत. नाही चाललं तर मला विचारू नकोस, सरळ दुकानात जा.

आता खोक्याबद्दल. जुनं १६५० मी काढून वेगळं गुंडाळलंय, कारण प्रवासात कार्ड हादरून मदरबोर्डची खाच मोडते. सिलिका जेलच्या पुड्या आत आहेत त्या टाकू नकोस, तापवून सुकवल्या की परत वापरता येतात. रात्रभर बसच्या एसीत आलेलं मशीन लगेच चालू करू नकोस, दोन तास उघडं राहू दे. बस सकाळी सात-साडेसातला पोचेल, हमालाला एकट्याला उचलू देऊ नकोस. आईने आमसुलं, लिंबाचं लोणचं आणि उरलेल्या नेवऱ्या दिल्यात, त्या दुसऱ्या पिशवीत आहेत. ती पिशवी याच खोक्यात बसते असं तिचं म्हणणं होतं. त्यावरून आमचं थोडं झालं.

कॅबिनेटच्या झाकणाचे स्क्रू पुडीत बांधून आतल्या बाजूला चिकटवलेत. सात आहेत. तुला सहाच लागतील, सातवा माझ्या दुकानातला चुकून आलाय.

तुझे,
बाबा

ता. क. पावसाच्या सीनमध्ये पाटाचं पाणी उजवीकडून डावीकडे वाहतंय. आजीकडे ते डावीकडून उजवीकडे जातं.